टोकियो नक्की किती लांब? किलोमीटर आणि तासांचा हिशेब लागत नाहीये

रानजाई (३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२)

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, इंदिरानगर. लेक आणि जावई टोकियोत एदोगावा भागात राहतात. जानेवारीअखेर तिचं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघं जायचं ठरवतोय. ह्यांचं वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे. मी ६३. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास.

काल रात्री वही घेऊन बसले आणि "मुंबई टोकियो अंतर" असं शोधलं. एका ठिकाणी ६,७३० आलं, दुसरीकडे ४,१८०, तिसरीकडे ३,६४०. एका पानावर ५,८६० होतं. वेळेचंही तसंच. कुठे साडेसात तास, कुठे साडेआठ, कुठे साडेनऊ.

लेकीने दिल्लीमार्गे एक पर्याय पाठवलाय. जाताना दिल्लीहून रात्री ८ ला सुटून सकाळी ७ ला हानेदा (टोकियोचा एक विमानतळ), म्हणजे अकरा तास. येताना हानेदाहून सकाळी साडेअकराला सुटून संध्याकाळी साडेपाचला दिल्ली, म्हणजे सहा तास. तेच अंतर जाताना अकरा आणि येताना सहा कसं असेल?

मला हे नीट समजून घ्यायचंय. ह्यांना एका जागी सलग किती तास बसावं लागेल ते कळलं तर डॉक्टरांशी तसं बोलता येईल. लेकीला विचारलं तर ती म्हणते, "आई, तू काळजी करू नकोस, मी सगळं बघते." पण तिचे दिवस भरत आलेत, तिच्यावर अजून किती टाकायचं?

कसारापार (३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

अभिनंदन ताई! वाचतोय. आमचाही मुलगा पुढच्या वर्षी ओसाकाला जाणार आहे.

भूगोलबाई (३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५)

रानजाई, तुमच्या वहीतले चारही आकडे बरोबर आहेत. फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत.

६,७३० हे मुंबई ते हानेदा विमानतळ, किलोमीटरमध्ये. ४,१८० तेच अंतर, मैलांत. ३,६४० तेच, सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि जहाजं-विमानं अजूनही त्यातच मोजतात. ३,६४० ला १.८५२ ने गुणून बघा. ५,८६० हे मुंबईचं नाहीच, ते दिल्ली ते हानेदा आहे. नारिता विमानतळ धरला तर मुंबईहून आणखी पन्नासेक किलोमीटर वाढतात, कारण नारिता टोकियो शहराच्या पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे.

आता घड्याळ. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं, जपानचं १३५ अंशांवर. मधे ५२.५ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास. जपान आपल्या साडेतीन तास पुढे.

म्हणून जाताना तुमच्या अकरा तासांतून साडेतीन वजा करा: साडेसात. येताना सहात साडेतीन मिळवा: साडेनऊ. म्हणजे कागदावर जे दिसतं त्याच्या बरोबर उलटं आहे. जाणं छोटं, येणं मोठं. ह्यांच्या गुडघ्यांची खरी परीक्षा परतीच्या प्रवासात आहे, डॉक्टरांशी बोलताना ते साडेनऊ तास धरून बोला.

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दहावीच्या वर्गात रेखावृत्तांचं गणित रटाळ वाटायचं मुलांना. आज कुणाची तरी आजी तेच गणित घेऊन बसली आहे हे वाचून फार बरं वाटलं.

रानजाई (३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०)

बाई, मनापासून आभार! वहीत लिहून घेतलं. ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "मग येताना जास्त वेळ का? रस्ता तर तोच."

मेघमल्हार (३ नोव्हेंबर, रात्री ९:५५)

काकांचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्यांचे अरुंद, वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात यातला एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या उत्तर भारतावरून जातो आणि चीनवरून जपानपर्यंत पोचता पोचता प्रचंड जोर धरतो. जपानच्या डोक्यावर जानेवारीत हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जगात जिथे जिथे हा वारा सर्वांत जोरकस असतो त्यातलं हे एक ठिकाण.

विमान हवेच्या तुलनेत साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं. पाठीमागून १०० चा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशेबाने ते १,००० ने जातं, समोरून मिळाला तर ८०० ने. सहा हजार किलोमीटरला हा फरक दीड तासाचा होतो. वारा याहून जोरात असेल तर दोन-अडीच तासांचा. गोदावरीला पाणी असताना प्रवाहाबरोबर पोहून बघा आणि मग उलट पोहा, हात तेवढेच चालतात पण काठ सरकत नाही.

या वाऱ्याचा शोधही टोकियोजवळच लागला, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात ताटेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांच्या मागावर दुर्बीण लावून बसायचे. फुगे वर गेले की भलत्याच वेगाने पूर्वेला पळायचे. त्यांनी १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. पण ती भाषा वाचणारेच फार थोडे, त्यामुळे बाहेर कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा जाणवला आणि मग जगाला पटलं. मला ओइशींचं फार वाईट वाटतं. इतक्या चिकाटीचं काम, आणि भाषेपायी अडलं.

अजून एक. पावसाळ्यात हा पट्टा सरकून तिबेटच्या उत्तरेला जातो आणि जाण्यायेण्यातला फरक कमी होतो. तुम्ही नेमक्या जानेवारीत जाताय, तेव्हा तो मोठा असणार. जाताना तिकिटावरच्या वेळेआधी पोचलात तर नवल वाटून घेऊ नका.

सिन्नरकर (४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०)

मेघमल्हार, सुंदर! ओइशींचं माहीत नव्हतं.

ओझरकर (४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५)

मी ओझरच्या विमान कारखान्यात तेहेतीस वर्षं काम करून निवृत्त झालो. लढाऊ विमानं जोडली, प्रवासी नाहीत, पण पंख आणि हवा दोन्हीकडे सारखीच. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, तिकिटावरचे साडेसात तास म्हणजे हवेतले साडेसात नव्हेत. दार लावून विमान जागचं हललं तिथपासून ते पोचून जागेवर थांबलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत सरकणं सगळं येतं. दिल्लीत संध्याकाळी अर्धा तास त्यातच जाऊ शकतो. अंतर दाखवणारी पानं मात्र बहुतेकदा किलोमीटर भागिले एक ठरावीक वेग एवढंच करतात. ६,७३० भागिले ८०० करा, साडेआठच्या आत-बाहेर येतं. तुमचा साडेआठ तासांचा आकडा तिथून आलेला दिसतोय. त्यात वारा नाही, वळसा नाही.

दुसरी गोष्ट वळशाची. दिल्ली ते टोकियो सरळ रेषा काढली तर ती हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जाते. प्रवासी विमानं तिथून जायचं टाळतात. कारण उंचीला घाबरतात असं नाही, पर्वताच्या कितीतरी वरून ती आरामात उडतात. अडचण वेगळी आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली येतात. त्यांचा पुरवठा साधारण पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात वैमानिकाला विमान दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरवर आणायचं असतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. उतरणार कुठे? म्हणून विमानं गंगेच्या खोऱ्यावरून पूर्वेला जातात आणि बांगलादेश, म्यानमार, मग चीनचा कुनमिंगकडचा भाग असं फिरून जपान गाठतात. ५,८६० मध्ये त्यामुळे काही शे किलोमीटर वाढतात.

माणसं उशिराला नावं ठेवतात. पण या वळशामागे कुणीतरी बसून पंधरा मिनिटांचा हिशेब केलेला असतो. मी ते काम जवळून पाहिलंय.

रानजाई (४ नोव्हेंबर, दुपारी २:१०)

ओझरकर, हे वाचून मला उलट धीर आला. ह्यांनाही.

भूगोलबाई (४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०)

आज दुपारी एक उद्योग केला तो इथे ठेवते. कपाटावरचा जुना पृथ्वीगोल काढला आणि मुंबई ते टोकियो शिवणाचा दोरा ताणून धरला. गोलावर ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून जी रेषा येते ती वेगळी, कारण गोल सपाट करताना तो ओढाताण करूनच सपाट होतो.

मग कागदावर त्रिकोणमितीने पडताळून पाहिलं. मुंबई विमानतळावरून निघालेली ती रेषा ईशान्येला, उत्तरेपासून ५९ अंशांवर जाते. आणि ती कुठून जाते माहीत आहे? कळसूबाईपासून चार-पाच किलोमीटरवरून! तिथून पुढे थेट सिलिगुडीजवळून, मग ब्रह्मपुत्रा जिथे हिमालयाला वळसा घालते त्या नामचा बारवा शिखराच्या बाजूने, चीनमधल्या चेंगडूच्या उत्तरेकडून, दक्षिण कोरिया ओलांडून टोकियो.

ओझरकरांनी सांगितलंय तसं खरं विमान या रेषेवरून जाणार नाही. पण रानजाई, विचार करा. नाशिकहून तुम्ही पावणेदोनशे किलोमीटर खाली मुंबईला उतरायचं आणि टोकियोची सरळ रेषा परत तुमच्याच जिल्ह्याच्या वेशीवरून जाते. म्हणून मी आणखी एक बेरीज केली.

ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली हवाई अंतर साधारण ९९० किलोमीटर. दिल्ली ते हानेदा ५,८६०. बेरीज ६,८५०. मुंबईमार्गे बघा: रस्त्याने १७० आणि पुढे ६,७३०, म्हणजे ६,९००. दिल्लीला जाणं हा उलटा फेरा वाटतो, पण तो अजिबात नाही. टोकियो आपल्यापासून उत्तरेला एवढं आहे की दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते.

सिन्नरकर (४ नोव्हेंबर, रात्री ८:०५)

बाई, कळसूबाईचं वाचून अंगावर काटा आला. पायथ्याच्या बारी गावातून तीनदा चढलोय. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. वर देवळापाशी बसलं की विमानं जाताना दिसतात. आता पुढच्या वेळी ईशान्येकडे तोंड करून बसेन.

पूर्वरंग (४ नोव्हेंबर, रात्री ११:४८)

मी टोकियोशेजारच्या कावासाकीत आठ वर्षं आहे, मूळ नाशिकरोडचा. रानजाई काकू, काही अनुभवाचे बोल.

हानेदाच घ्या. एदोगावाकडे जायला ते कितीतरी जवळ. नारिता घेतलंत तर उतरल्यावर आणखी तास-दीड तास, सामान आणि गुडघे सांभाळत.

मुंबईहून बँकॉकमार्गे गेलात तर ३,०३० आणि ४,५९०, म्हणजे ७,६२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे ३,९२० आणि ५,३००, म्हणजे ९,२२०. सिंगापूरचा फेरा सरळ अंतरापेक्षा अडीच हजार किलोमीटरने मोठा आहे. तिकीट स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात. तरुण असाल तर ठीक. पण एक मात्र खरं, बँकॉकमार्गे गेलात तर मधे उठून चालायला मिळतं. सलग साडेनऊ तासांपेक्षा चार आणि सहा असे दोन तुकडे काही लोकांच्या पायांना मानवतात. काकांच्या डॉक्टरांना हेही विचारा.

आणि विमानात व्हीलचेअर मागायला अजिबात संकोच करू नका. तिकीट काढतानाच नोंदवा, पैसे लागत नाहीत. गुडघे दुखत असतील तर ती गरज आहे. माझ्या बाबांनी पहिल्या वेळी "मी काय आजारी आहे का" म्हणून नको म्हटलं आणि दिल्लीच्या टर्मिनलमध्येच त्यांचा पाय सुजला. दुसऱ्या वेळी घेतली.

कसारापार (५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

मुंबईमार्गे जायचं झालं तर घराबाहेरच्या पहिल्या टप्प्याबद्दल मी बोलतो, तो माझा रोजचा आहे. नाशिक ते मुंबई विमानतळ १७० किलोमीटर, पण तास विचारू नका. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो, बोगद्यातून सरळ खाली. पण आमणेनंतर भिवंडी आणि ठाणे आहेतच. तिथे अडकलात की सगळा वाचलेला वेळ परत जातो.

मागच्या पावसाळ्यात घरच्यांना सोडायला जुन्या घाटातून गेलो होतो. एक ट्रक आडवा झाला आणि साडेतीन तास एका जागी. आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. विमान मिळालं, कारण घरातून नऊ तास आधी निघालो होतो. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, आणि रस्त्याला सहा तास द्यायचे.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालंय. यापुढे तिकिटावर "मुंबई" एवढंच वाचून निघू नका, बीओएम (जुना मुंबई विमानतळ) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा. दोन्हींचे रस्ते वेगळे.

निफाडची_माय (५ नोव्हेंबर, दुपारी १:००)

ताई, बाळंतिणीसाठी काय काय नेणार? डिंकाचे लाडू नक्की न्या. आमच्या बागेतली द्राक्षं जानेवारीत सुरू होतात, पाठवू का?

पूर्वरंग (५ नोव्हेंबर, दुपारी ४:२०)

निफाडची माय, भावना पोचली, पण ताजी फळं जपानमध्ये अशी नेता येत नाहीत. रोपसंरक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ताही नेता येत नाही. बेदाणे चालतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. लोणचं मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून.

रानजाई (५ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

निफाडची माय, तुमचा हात असाच राहू दे. बेदाणे तुमच्याकडूनच घेईन!

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी दर तास-दीड तासाने उठून चालायला, पाणी पीत राहायला आणि पायमोजे वापरायला सांगितलंय. सलग साडेनऊ तास चालतील म्हणाले. ह्यांच्या साखरेच्या गोळीची वेळ साडेतीन तासांच्या फरकाने कशी सरकवायची तेही कागदावर लिहून दिलं. हा प्रश्न मला सुचलाच नसता, बाईंनी रेखावृत्तं समजावली म्हणून सुचला.

आता ओझर-दिल्ली-हानेदा असं मनात आहे. घरापासून ओझर २५ किलोमीटर, घाट नाही, ठाणं नाही. ओझरचं दुपारचं विमान घेतलं तर त्याच रात्री ८ चं मिळेल का?

ओझरकर (६ नोव्हेंबर, सकाळी ९:००)

रानजाई ताई, त्याच दिवशीचं घेऊ नका. कळकळीने सांगतो. जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. धावपट्टीवर शंभर मीटरसुद्धा दिसत नाही अशा सकाळी येतात. त्या दिवशी सकाळची विमानं अडकली की तेच विमान, तेच कर्मचारी पुढे दुपारी ओझरला यायचे असतात, तेही अडकतात. धुकं दिल्लीत आणि उशीर ओझरात. शिवाय दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही परत मिळतील असं नाही. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलही वेगळं असू शकतं, त्यांच्यामध्ये बस करावी लागते.

एक रात्र दिल्लीत काढा. ह्यांचे पायही सरळ होतील.

मेघमल्हार (६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

ओझरकरांना पूर्ण अनुमोदन. डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्य हा धुक्याचा सर्वांत वाईट काळ. रात्री ८ चं सुटणारं विमान त्या मानाने सुरक्षित, दाट धुकं बहुधा मध्यरात्रीनंतर उतरतं.

सातपूरचा_सुधीर (६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५)

पाकिस्तानची हवाई हद्द बंद आहे ना? त्याने टोकियोचा वेळ वाढत नाही का?

ओझरकर (६ नोव्हेंबर, दुपारी १:०५)

नाही. ती पश्चिमेला जाणाऱ्यांची अडचण, युरोप-अमेरिकेची. टोकियो पूर्वेला.

रानजाई (८ नोव्हेंबर, सकाळी १०:००)

तिकिटं काढली. १४ जानेवारीला ओझरहून दिल्ली, तिथे मुक्काम, १५ ला रात्री हानेदा. परत यायचं २० मार्चला. व्हीलचेअर नोंदवली. शाकाहारी जेवण नोंदवलं. ह्यांनी वहीतलं पान फाडून पाकिटात ठेवलंय, एका बाजूला आपलं घड्याळ, दुसऱ्या बाजूला जपानचं.

रानजाई (२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०, जपानची वेळ)

मंडळी, नात झाली. २७ तारखेला. दोघी सुखरूप.

इथे सूर्य पावणेसातला उगवतो आणि पाच वाजून गेले की लगेच मावळतो, तेवढ्यात कपडे वाळवायचे. म्हणून सकाळी लवकर उठून लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत, तर खरं काय झालं ते कळवायलाच हवं. ह्यांनी सगळ्या वेळा टिपून ठेवल्या आहेत.

घरून निघालो १४ ला दुपारी १ वाजता. ओझरचं विमान दोन तास उशिरा आलं, दिल्लीत सकाळी धुकं होतं म्हणून. ओझरकर, त्या दोन तासांत मला फक्त तुमची आठवण येत होती. त्याच रात्रीचं तिकीट असतं तर काय झालं असतं!

१५ ला दिल्लीत दार लागलं ८:०५ ला. हवेत गेलो ८:४१ ला. छत्तीस मिनिटं जमिनीवरच. हानेदाला चाकं टेकली ६:२४, जागेवर थांबलं ६:३८, दोन्ही जपानच्या वेळेने. म्हणजे दारापासून दारापर्यंत सात तास तीन मिनिटं, त्यातले हवेत सहा तास तेरा मिनिटं. बावीस मिनिटं लवकर. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. आधी पाटणा, मग बांगलादेश, म्यानमार, कुनमिंग, अगदी ओझरकरांनी सांगितलं त्याच वाटेने. चीन ओलांडल्यावर वेगाचा आकडा वाढत वाढत १,१२० वर गेला. ह्यांनी मला झोपेतून उठवून दाखवला. म्हणाले, "बघ, त्या फुगेवाल्या साहेबांचा वारा."

लेकीच्या दारात सकाळी ९ ला. इंदिरानगरपासून तिथपर्यंत साडेचाळीस तास, त्यातले विमानात नऊ. बाकी सगळे थांबण्यात, झोपण्यात आणि रांगेत गेले. मी दोन महिने विमानातल्या तासांची काळजी करत होते.

निफाडची माय, बेदाणे विमानतळावर दाखवले, त्यांनी बघून परत दिले. लेक रोज मूठभर खाते.

भूगोलबाई (२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०)

रानजाई, नातीला खूप खूप आशीर्वाद. तिच्यासाठी एक पृथ्वीगोल माझ्याकडून. तुम्ही आलात की घेऊन जा.

सिन्नरकर (२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५)

अभिनंदन काकू! काकांची टिपणं वाचून फार आनंद झाला.

रानजाई (२३ मार्च, संध्याकाळी ५:४०)

घरी पोचलो. परतीच्या वेळाही देते, कुणाला तरी उपयोगी पडतील. हानेदाला दार लागलं ११:३५, हवेत ११:५८. दिल्लीत टेकलो आपल्या ५:३२ ला, थांबलो ५:४५ ला. साडेतीन मिळवले की नऊ तास चाळीस मिनिटं. पडद्यावर एकदा ६९० पर्यंत वेग उतरला होता. हे सहा वेळा उठून चालले. हवाई सुंदरीने मागच्या बाजूला उभं राहायला जागा करून दिली. पाय किंचित सुजले, रात्री दिल्लीत उशी खाली घेऊन झोपले, सकाळी उतरले होते.

दिवस संपतच नव्हता. पश्चिमेकडे चाललो होतो ना, सूर्य पूर्ण वेळ खिडकीत. खाली बर्फाची शिखरं दूर उजव्या हाताला दिसली. ह्यांनी विचारलं, हिमालय का? शेजारच्या मुलाने हो म्हटलं.

कसारापार (२३ मार्च, संध्याकाळी ६:१०)

काकू, स्वागत! मुलाचं ओसाकाचं पक्कं झालंय, सप्टेंबरमध्ये आम्ही जाऊ. सप्टेंबरमध्येही दिल्लीत एक रात्र ठेवायची का?

मेघमल्हार (२३ मार्च, रात्री ९:२०)

सप्टेंबरला धुकं नसतं, पण पाऊस असतो, आणि ओझरचं विमान पावसानेही अडतं. वेगळी तिकिटं असतील तर रात्र ठेवा. एकाच तिकिटावर पुढची जोडणी मिळत असेल तर गरज नाही. आणि ओसाकाला तेव्हा परतीचा वेळ काकूंपेक्षा कमी लागेल, पट्टा उत्तरेला सरकलेला असतो.

रानजाई (२३ मार्च, रात्री ९:४५)

कसारापार, ह्यांचं वहीतलं पान हवं असेल तर घरी या. दोन्ही बाजूंची घड्याळं आहेत त्यावर, ओसाकालाही तीच लागू पडतात. चहाला या, बाईही येणार आहेत रविवारी गोल घेऊन.